दुरुस्ती

पहिली जबाबदारी आली फॅक्सवर, रात्री सव्वाअकराला.
पान एक सुटायला वीस मिनिटं होती.
सेलूच्या बाजारात, मिरचीवाल्यांच्या ओळीत,
दुपारी एक जेवणाचा डबा फुटला होता.
माणसं सात. फॅक्समध्ये एकोणीस,
आणि बाजाराऐवजी रेल्वे स्टेशन.
संघटनेचं नाव असं लांब की चार कॉलमात मावेना.
शेषेराव म्हणाले, अर्धंच घ्या, बाकीचं उद्या बघू.

दुसरी पोस्टानं, नांदेडचा शिक्का.
पहिल्यांना खोटारडे म्हणत होते हे.
वर्गणीवरून दोन मंडळं भांडावीत तसं,
फक्त पावतीपुस्तकात आमची सात माणसं.

तिसरी फोनवर. कोवळ्या पोराचा आवाज,
घसा दाबून जाड केलेला. मागे कुकरची शिट्टी.
"संघटनेचं नाव सांगा," मी म्हणालो.
तो थांबला. कुणाला तरी विचारलं.
फोन ठेवला.

आणि चौथी शटरखालून सरकवलेली.
दुरेघी वहीचं पान, पिना उपसल्याची दोन भोकं.
नाव नव्हतं कुणाचं.
पण डब्याचं झाकण हिरवं होतं, सुतळीचे वेढे तीन होते,
हे आम्ही कुठंच छापलं नव्हतं.
पंचनाम्यात पुढं तेच निघालं.
शेवटची ओळ: याची जवाबदारी आमची हाय.

मी मुद्रितशोधक. तेवीस वर्षं.
निळा पेन आपोआप उतरला.
व चा ब केला. हायचं आहे.
एक स्वल्पविराम दिला, वाक्याला दम लागला होता म्हणून.
बब्रुवाननं टाइप केलं आणि कागद
नेहमीसारखा शेंगांच्या टरफलांखाली घेतला.

आठ दिवसांनी फौजदार आले, कात्रण घेऊन.
मूळ प्रत मागितली. आम्ही टोपलीकडं बघितलं.
त्यांनी कात्रण पुन्हा वाचलं, म्हणाले,
इकडच्या माणसाची भाषा नाही ही.
चांगला शिकलेला आहे कुणीतरी.
माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.
लाज वाटली का बरं वाटलं, अजून ठरवता येत नाही.

दीड महिन्यानं त्यांनी मानवतहून उचलला
अकील देशमुख, मराठीचा मास्तर.
मी त्याला कधी बघितलं नव्हतं. अक्षर ओळखायचो.
महिन्यातून एक पोस्टकार्ड यायचं त्याचं:
पान दोन, 'आशीर्वाद'ची वेलांटी दुसरी हवी.
पान चार, 'कोट्यवधी' नीट लिहावे.
मला राग यायचा. बरोबर असायचा तो.
ती पोस्टकार्डं पोलिसांनी आमच्याकडूनच नेली,
त्याच्या शुद्ध भाषेचा पुरावा म्हणून.

मी ठाण्यात गेलो जबाब द्यायला.
चार वेळा सांगितलं, तिथं व होता, मी ब केला.
हवालदार लिहीत होता, मान खाली.
मग वाचून दाखवलं आणि कागद पुढं सरकवला:
"मी जवाबदारीचे जवाबदारी केले."
फरक काय पडतो काका, दोन्ही एकच ना.
माझी माय तसंच म्हणायची. बायकोही तसंच म्हणते,
लेकीची जवाबदारी हाय तुमच्यावर.
मी सही केली.

अकील मास्तर सुटला चार वर्षांनी, पुराव्याअभावी.
त्या लांब नावाच्या संघटनेचं पुन्हा काही ऐकू आलं नाही,
पुढं कुठं काही फुटलं तेव्हाही नाही.
कुकरवालं पोरगं आता बाप झालं असेल.
चौथा कोण होता, तो मिरच्या घ्यायला येतो का सेलूला,
माहीत नाही.
सुटकेची बातमी एक कॉलम, पान तीन,
माझ्याच हातून गेली.

तेव्हापासून रोज एक चूक सोडतो मी, ठरवून.
एखादी वेलांटी. एखादा रफार.
शेषेराव म्हणतात, डोळे तपासून घ्या.
काल 'आशीर्वाद'च सोडला, पहिल्या वेलांटीचा,
पान दोनवर, चौकटीत, ठळक.

डाक दुपारी एकला येते.